छंद कॅमेऱ्याचा, शिस्त क्लबची

स्पर्धेतले बक्षीस कपाटात जाते. क्लबमध्ये मिळालेली नजर मात्र आयुष्यभर पुरते. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यापासून मुंबईच्या जुन्या फोटोग्राफिक सोसायटीपर्यंत, हौशी छायाचित्रकारांच्या जगाची ही ओळख.

म्हैसूरला गेलेला पाहुणा राजवाडा पाहतो, चामुंडी टेकडीवरच्या नंदीला हात जोडतो, वृंदावन बागेतली कारंजी पाहतो आणि म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन परत फिरतो. मंडी मोहल्ला त्याच्या यादीत नसतो. जुन्या शहराच्या उत्तर अंगाची ही दाट वस्ती. नावातच मंडी, म्हणजे बाजार. दुकानांच्या रांगा, हातगाड्या, मशिदी, आणि जवळच अशोक रोडवर सेंट फिलोमिना चर्चचे १७५ फूट उंचीचे जोड मनोरे. दक्षिणेकडे थोडे चालत गेले की देवराज मार्केट लागते. तिथे हळदीकुंकवाच्या आणि रंगांच्या निमुळत्या राशी, म्हैसूर मल्लिगेच्या सुवासिक माळा आणि केळ्यांचे घड टांगलेली दुकाने.

अशा ठिकाणी कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला विषय शोधावा लागत नाही. त्याची अडचण नेमकी उलट असते. कुंकवाच्या ह्याच राशी आजवर हजारो लोकांनी टिपल्या आहेत. मग आपला फोटो त्यांच्याहून वेगळा कसा? घरची माणसे कौतुकाने 'छान आलाय' म्हणतात. मोबाइलवरचे मित्र अंगठा उंचावून मोकळे होतात. पण 'इथे चुकले आहे, आणि ते असे सुधारता येईल' हे कोण सांगणार? ते सांगणारी चार माणसे एकत्र यावीत म्हणूनच तर हौशी छायाचित्रकारांचे क्लब निघाले.

डॉक्टरांच्या हातात कॅमेरा

ह्या क्लबांचा इतिहास आपल्या मुंबईपासूनच सुरू होतो. छायाचित्रणाचा शोध फ्रेंच सरकारने १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगाला खुला केला. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. भारतातली ही अशी पहिली संस्था. लंडनची सोसायटी तिच्याहून केवळ एका वर्षाने थोरली. मुंबईच्या सोसायटीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या बरोबरीने दोन मराठी भाऊ होते. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. नारायण दाजींनी काढलेली छायाचित्रे सोसायटीच्या प्रदर्शनात मांडली गेली होती.

त्या काळी सोसायटीची गरज का भासली, हे समजून घेण्यासारखे आहे. फोटो काचेवर घेतला जाई. काचेवर रसायनाचा थर ओतायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि तो सुकण्याच्या आत काच धुवायची. आपल्या उन्हाळ्यात हा थर बघता बघता सुके. इंग्लंडमधल्या पुस्तकात दिलेले प्रमाण इथे चालत नसे. मग कोणाला कोणते मिश्रण साधले, कोणाच्या काचा खराब झाल्या, हे एकमेकांना सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हते. आपली चूक उघड सांगायची आणि दुसऱ्याच्या चुकीतून शिकायचे, ही क्लबची पहिली रीत रसायनांच्या ह्या गडबडीतून पडली.

म्हैसूरच्या मध्यवस्तीतून जाणाऱ्या सयाजीराव रोडला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. त्याच सयाजीरावांच्या राज्यात १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले. चित्रपट काढण्यासाठी भांडवल हवे होते, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून 'अंकुराची वाढ' दाखवली. रोज त्याच जागी उभे राहून तीच वस्तू पाहण्याचा हा चिवटपणा हौशी छायाचित्रकाराला आजही तितकाच उपयोगी पडतो.

स्वातंत्र्यानंतर हौशी छायाचित्रकारांच्या चळवळीचे एक मोठे केंद्र जुन्या म्हैसूर संस्थानात, बंगळूरला, तयार झाले. डॉ. जी. थॉमस यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये 'फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी' उभी राहिली आणि देशभरचे विखुरलेले क्लब एका छत्राखाली आले. ही संस्था 'फिआप' ह्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी जोडली गेली, त्यामुळे लहान गावातल्या सभासदालाही परदेशच्या प्रदर्शनाची वाट मोकळी झाली. पुढे १९७१ मध्ये बंगळूरच्या तरुणांनी 'यूथ फोटोग्राफिक सोसायटी' काढली. २०२१ मध्ये तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली.

नाव झाका, फोटो पाहा

क्लबचे कामकाज बाहेरून अगदी साधे दिसते. महिन्यातून एकदोनदा सभासद जमतात. स्पर्धेचा विषय आधीच ठरलेला असतो. 'खिडकी', 'पाऊस', 'कष्टाचे हात', 'बाजारातली सकाळ' असा काहीतरी. प्रत्येकाने ठरलेल्या संख्येत छायाचित्रे द्यायची. पूर्वी ह्यामागे फार खटाटोप असे. छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरायचा, डार्करूममधल्या मंद लाल दिव्यात एन्लार्जरखाली प्रिंट काढायची आणि ती नीट पुठ्ठ्यावर चढवायची. आता बहुतेक ठिकाणी छायाचित्रे संगणकावरून पडद्यावर दाखवतात.

साधने बदलली तरी मुख्य नियम बदलला नाही. परीक्षकाला छायाचित्रकाराचे नाव कळू द्यायचे नाही. छायाचित्राला फक्त क्रमांक असतो. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला सभासद आणि कालच दाखल झालेला कॉलेजचा मुलगा एकाच पंगतीत बसतात. गुण दिल्यावर परीक्षक प्रत्येक छायाचित्रावर दोन शब्द बोलतो. बक्षीस एकालाच मिळते, पण ते दोन शब्द सगळ्यांच्या पदरात पडतात. नवा सभासद टिकणार की दोन महिन्यांत गळणार, हे बहुधा इथेच ठरते. आपल्या लाडक्या फोटोवरची टीका चारचौघांत शांतपणे ऐकणे सोपे नाही.

क्लबच्या पुढची पायरी म्हणजे 'सलोन'. हे नाव ऐकून केस कापायचे दुकान आठवेल, पण छायाचित्रकारांच्या भाषेत सलोन म्हणजे स्पर्धा आणि प्रदर्शन ह्यांचा मिलाफ. देशोदेशींची छायाचित्रे येतात. रंगीत, कृष्णधवल, निसर्ग, प्रवास असे विभाग असतात. बहुधा तीन परीक्षक गुण देतात आणि बेरजेवर निवड होते. इथे पदकापेक्षाही प्रदर्शनासाठी निवड होण्याला मोल आहे. अशा निवडी साठत गेल्या की 'फिआप' संस्थेकडून आर्टिस्ट, एक्सलन्स आणि मास्टर असे चढत्या क्रमाने किताब मिळतात. दुकानदार, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी असे कितीतरी लोक आपापले काम सांभाळून ही पायऱ्यांची वाट चढत असतात.

टीका म्हणजे नेमके काय?

'फोटो बरा आहे, पण जमला नाही' असे म्हणणे ही टीका नव्हे. जाणकार परीक्षक बोट ठेवून दाखवतो. फूलवाल्या बाईचा फोटो काढताना आपले लक्ष तिच्या चेहऱ्यावर असते, म्हणून तिच्या डोक्यामागून उगवलेला विजेचा खांब आपल्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याला मात्र तो दिसतो. दोन पावले बाजूला सरकले असते तर खांब गेला असता. एवढेच सांगायचे असते, पण ते एकदा कळले की माणूस पुढच्या वेळी चेहऱ्याआधी पार्श्वभूमी पाहतो.

मल्लिगेच्या शुभ्र माळा फोटोत मळकट करड्या का दिसतात? कॅमेऱ्यातले प्रकाशमापक समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे असे धरून चालते. पांढऱ्या फुलांचा ढीग दिसला की त्याला वाटते, उजेड फार झाला, आणि ते फोटो काळवंडून टाकते. उपाय सोपा आहे. फुलांचा फोटो घेताना प्रकाश आपण होऊन थोडा वाढवायचा. काळ्या म्हशीचा फोटो असेल तर उलट, थोडा कमी करायचा. मोबाइलमध्येसुद्धा पडद्यावर बोट ठेवून सरकवले की हे साधते.

आणि म्हैसूरचा राजवाडा! रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि दसऱ्यात त्याच्यावरचे जवळपास एक लाख दिवे लागतात. बहुतेक लोक पूर्ण काळोख पडल्यावर फोटो काढतात. दिवे तेवढे उमटतात आणि वास्तू काळ्या शाईत बुडते. आकाशात निळसर संधिप्रकाश शिल्लक असताना फोटो घेतला, तर घुमट, कमानी आणि दिवे सगळेच दिसते. मग प्रश्न येतो महिन्याचा. डिसेंबरात म्हैसूरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सातच्या आसपास दिवे लागेपर्यंत आकाश काळे झालेले असते. जूनमध्ये सूर्यास्त पावणेसातनंतर होतो आणि दिवे लागताना आकाश निळे असते. पावसाळी ढगांनी साथ दिली तर राजवाड्याचा उत्तम फोटो दसऱ्याऐवजी जूनच्या एखाद्या रविवारी मिळू शकतो. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा अशी माहिती अधिक कामाला येते, आणि ती क्लबमध्ये फुकट मिळते.

म्हैसूरच्या मातीतली माणसे

छायाचित्रणात म्हैसूरने मोठी माणसे दिली. टी. एस. सत्यन यांचा जन्म इथे १९२३ मध्ये झाला. 'लाइफ'सारख्या जगप्रसिद्ध साप्ताहिकासाठी त्यांनी काम केले. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात त्यांनी टिपलेल्या मुलांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात भरले. २००९ मध्ये म्हैसूरलाच त्यांचे निधन झाले. त्यांच्या फोटोंतली माणसे साधीच असतात. खेळणारी मुले, कामावर चाललेल्या बायका, रस्त्यावरचे विक्रेते. गरिबी दिसते, पण तिचे भांडवल केलेले दिसत नाही. माणूस ताठ मानेने फोटोत उभा असतो.

म्हैसूरच्याच कृपाकर आणि सेनानी ह्या जोडीने जंगल हा आपला विषय केला. १९९७ मध्ये वीरप्पनने त्यांना बंदीपूरहून पळवून नेले आणि चौदा दिवस रानात ठेवले. त्यातून सुटल्यावरही त्यांनी जंगल सोडले नाही. रानकुत्र्यांचा वर्षानुवर्षे माग काढून केलेल्या 'द पॅक' ह्या त्यांच्या चित्रणाला २०१० मध्ये वाइल्डस्क्रीन महोत्सवात गौरवण्यात आले.

मराठी वाचकाला आणखी एक नाव जवळचे वाटेल. कर्नाटकातील संडूरच्या मराठा राजघराण्यातले एम. वाय. घोरपडे. १९७० च्या दशकात ते कर्नाटकचे अर्थमंत्री होते, आणि राज्याच्या जमाखर्चातून सवड काढून जंगलात कॅमेरा घेऊन बसणारे पट्टीचे वन्यजीव छायाचित्रकारही. 'फिआप'चा मास्टर किताब त्यांनी मिळवला. 'सनलाइट अँड शॅडोज' हे त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये निघाले. हौशी ह्या शब्दाचा अर्थ कच्चा असा होत नाही, हे अशा माणसांकडे पाहून पटते.

बक्षिसाचा मोह

स्पर्धेमुळे माणूस नेटाने काम करतो. पण बक्षिसाचा मोह वाईट, आणि त्याची उदाहरणे जगातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेतही सापडतात. लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत २००९ मध्ये लाकडी फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. नंतर परीक्षकांचे मत पडले की तो लांडगा रानातला नसून बहुधा पाळलेला, शिकवलेला होता. २०१० मध्ये बक्षीस काढून घेण्यात आले. त्याच स्पर्धेत २०१७ मध्ये एका विभागात गौरवलेल्या फोटोतला मुंगीखाऊ प्राणी चक्क पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०१८ मध्ये तोही फोटो बाद झाला. दोन्ही छायाचित्रकारांनी आरोप नाकारले, पण निर्णय फिरला नाही.

आपल्याकडे अधिक काळजीची गोष्ट म्हणजे पक्ष्यांची घरटी. चांगला फोटो मिळावा म्हणून कोणी घरट्यासमोरची पाने बाजूला करतो, कोणी फांदी छाटतो. फोटो स्वच्छ येतो, पण पिल्ले उन्हात उघडी पडतात, कावळ्यांच्या आणि सापांच्या नजरेला येतात. माणूस जवळ बसून राहिला तर आईबाप पक्षी चारा घेऊन परत येत नाहीत. बक्षीस मिळेपर्यंत घरटे रिकामे झालेले असते. म्हणून आपल्या देशातल्या अनेक स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणेच बंद केले. निसर्ग विभागात छायाचित्रातून काही काढून टाकणे किंवा त्यात काही भरणे हेही 'फिआप' आणि तिच्याबरोबरच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी नियमाने वर्ज्य ठरवले आहे.

ह्याचा अर्थ पिल्लांकडे पाहूच नये असा नाही. डॉ. सलीम अली यांच्या सूचनेवरून १९४० मध्ये अभयारण्य झालेले रंगनतिट्टू म्हैसूरपासून जवळ आहे. कावेरीतल्या बेटांवर चित्रबलाक घरटी करतात आणि टळटळीत उन्हात पंख पसरून पिल्लांवर सावली धरतात. बोटीत बसून, अंतर राखून, पक्ष्याला न उठवता हे पाहता येते. फोटो मिळाला तर आनंद. नाही मिळाला तरी सावली मोडली नाही ह्याचे समाधान आहेच.

माणसांच्या बाबतीतही हेच. बाजारातल्या म्हाताऱ्या विक्रेत्याच्या सुरकुत्या स्पर्धेत गुण मिळवून देतात, म्हणून त्याच्या तोंडासमोर कॅमेरा खुपसणे शोभत नाही. दोन वाक्ये बोलावीत, खुणेने का होईना विचारावे, नको म्हटले तर हसून पुढे जावे. जाणता क्लब नवख्याला हे पहिल्याच फेरीत शिकवतो.

आजचा फोटो, उद्याचा पुरावा

म्हैसूरमध्ये २०१२ च्या ऑगस्टमध्ये लान्सडाउन इमारतीचा भाग कोसळून चार जणांचा जीव गेला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये देवराज मार्केटचा एक भाग ढासळला. जुन्या वास्तू पाडायच्या की सावरायच्या, ह्यावर मग शहरात वर्षानुवर्षे वाद चालला. अशा वेळी एखाद्या हौशी माणसाने सहज काढून ठेवलेला कमानीचा, जिन्याचा, छपराखालच्या तुळयांचा फोटो अचानक मोलाचा होतो. मूळचे बांधकाम कसे होते, हे त्यातून दिसते.

मुंबईचे उदाहरण ह्याहून जुने आहे. त्या पहिल्या सोसायटीच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ ते १८५८ ह्या काळात भारतीय हौशी छायाचित्रकारांसाठी चित्रसंग्रहाचे अंक काढले. पुढे १८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि शहराचा चेहरा बदलला. त्याआधीची मुंबई आणि तिथली माणसे कशी दिसत, हे आज पाहायचे तर अशाच संग्रहांकडे वळावे लागते. 

एखाद्या क्लबने वर्षातून एक स्पर्धा केवळ आपल्या मोहल्ल्यावर ठेवली, आणि आलेल्या प्रत्येक फोटोमागे जागा, तारीख आणि दुकानाचे किंवा वास्तूचे नाव लिहून जपून ठेवले, तर पन्नास वर्षांनी त्या गठ्ठ्याला पदकांपेक्षा अधिक किंमत येईल.

आपल्या गावात क्लब काढायचा तर

त्यासाठी फार काही लागत नाही. पाचसहा माणसे, शाळेचा किंवा वाचनालयाचा एखादा वर्ग आणि महिन्याचा एक ठरलेला दिवस. दिवस मात्र चुकवायचा नाही. कॅमेरा नसेल तर मोबाइल चालतो. सुरुवातीला मोबाइल आणि कॅमेरा ह्यांचे गट वेगळे ठेवले की नव्यांना संकोच वाटत नाही. परीक्षक शक्यतो बाहेरचा असावा, कधी चित्रकलेचे शिक्षक, कधी वर्तमानपत्राचा छायाचित्रकार. म्हैसूरसारख्या शहरात चामराजेंद्र दृश्यकला संस्थेत छायाचित्रणाचे शिक्षण मिळते, तिथल्या शिक्षकांना बोलावता येते. जिथे अशी संस्था नाही तिथे शेजारच्या गावच्या क्लबला पत्र लिहावे.

स्पर्धेला फोटो देण्याआधी प्रत्येकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. फोटोच्या चारही कडांवर काही अर्धवट तुटलेले आहे का? पार्श्वभूमीत नको ते काही शिरले आहे का? हा फोटो पाहून अनोळखी माणसाला विषय कळेल का? आणि फोटोतल्या जिवाला आपण त्रास तर दिला नाही ना? पहिल्या तीन प्रश्नांत चूक झाली तर पुढच्या महिन्यात सुधारता येते. चौथ्यात झाली तर येत नाही.

मुलांना क्लबमध्ये जरूर न्यावे. एकाच कुंकवाच्या राशीचे दहा जणांनी काढलेले दहा फोटो शेजारी शेजारी पाहिले, की प्रत्येकाला जग थोडे वेगळे दिसते ही गोष्ट मुलाला न सांगता कळते.

आणि स्पर्धा संपली, निकाल लागला, की एक काम राहते. ज्याचा फोटो काढला त्याला त्याची एक प्रिंट नेऊन द्यायची. बाजारातल्या फूलवाल्याला आजवर कितीतरी लोकांनी टिपले असेल, पण त्याच्या घरच्या भिंतीवर त्यातला एकही फोटो नसण्याचीच शक्यता अधिक. क्लबने वर्षाच्या शेवटी अशा प्रिंटचा गठ्ठा घेऊन मोहल्ल्यात एक फेरी मारावी. पुढच्या वर्षी त्याच गल्लीत कॅमेरा काढला तर कोणी तोंड फिरवणार नाही. उलट कोणीतरी हाक मारील, 'साहेब, आज दुकान नीट लावलंय, घ्या फोटो.'